सहीखालची ओळ

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती माझ्याच एका सहीमुळे. नोकरीत मी हजारो सह्या केल्या. त्यातली ही एक पुसता आली असती तर बरे झाले असते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. माझे वडील खानदेशातल्या एका जिनिंगमध्ये हमाल होते. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. शिक्षकांनी जुनी पुस्तके दिली, रविवारी घरी बोलावून शिकवले, म्हणून अंगावर वर्दी चढली. शिकलेल्या माणसाबद्दल त्यामुळे मला फार आदर वाटे. तो आदर या तपासात आडवा आला, हे आधीच सांगून टाकतो.

एका सकाळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करणाऱ्या एक ताई फिर्याद द्यायला आल्या. ठाणे अंमलदाराने विचारले, "काय गेलं? सोनं? भांडी?"

"पत्रं."

"पत्रं म्हणजे? छपराची?"

"कागदाची. मोठमोठ्या लेखकांनी माझ्या वडिलांना लिहिलेली."

त्यांचे वडील दिंडोरीकडच्या एका शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. धडा शिकवून झाला की मुलांच्या शंका ते पत्राने थेट त्या लेखकालाच कळवत. पुष्कळ लेखक उत्तर देत. अशी चव्वेचाळीस पत्रे त्यांनी ट्रंकेत जपली होती. आता ट्रंक रिकामी होती.

"किंमत काय लिहू, ताई?" अंमलदार लेखणी धरून बसला.

"बाबांना आता दिसत नाही. संध्याकाळी कुणी एक-दोन पत्रं वाचून दाखवली की मग ते जेवतात. चार दिवस ताट तसंच परत येतंय. किंमत तुम्हीच लिहा."

मी स्वतः घटनास्थळाचा पंचनामा केला. गुरुजी खाटेवर बसले होते. उघड्या ट्रंकेचा तळ हाताने चाचपत ते म्हणाले, "फौजदारसाहेब, माझे फार दिवस उरले नाहीत. पत्रं सापडली तर एकदा सगळी ऐकायची आहेत. मग कुणीही न्या."

कुलूप तुटलेले नव्हते. किल्ली उशाखाली असे, म्हणजे चोराची त्या घरात उठबस होती. ताईंनी दोन नावे सांगितली. एक, शहरातले मराठीचे प्राध्यापक. गुरुजींशी गप्पा मारायला ते अधूनमधून येत. दुसरा, गुरुजींचाच जुना विद्यार्थी. तो छापखान्यात कंपोझिटर होता, खिळे जुळवायचा. बौद्ध वसाहतीतल्या दोन खोल्यांत राहायचा. सुट्टी झाली की सायकलवरून यायचा आणि गुरुजींना पत्रे वाचून दाखवायचा.

मी आधी प्राध्यापकांकडे गेलो, पण चौकशीला नव्हे, सल्ल्याला. त्यांच्या दिवाणखान्यात भिंतभर पुस्तके होती. मी खुर्चीच्या टोकावर बसलो. चहा आला. ते म्हणाले, "अशी पत्रं सामान्य चोर नेणार नाही. ज्याला त्यांचं मोल ठाऊक आहे, तोच नेईल. रोज हाताळणारं कोण आहे, ते बघा." मी उठून नमस्कार केला आणि तडक छापखान्यात गेलो.

कंपोझिटरला कामावरून उचलून, रस्त्याने चालवत ठाण्यात आणला. बोटांना शाई तशीच होती. स्टेशन डायरीत संशयित म्हणून त्याचे नाव मी माझ्या अक्षरात लिहिले. अटक न दाखवता दोन दिवस बसवून ठेवला. त्या काळी असे सर्रास चाले. म्हणून ते बरोबर होते असे नाही.

"पत्रं कुठं आहेत?"

"मला नाय माहीत साहेब. मी चोरून काय करू? मला पाठ हायत ती."

आमचे हवालदार मिश्कील होते. ते म्हणाले, "घ्या साहेब! पाठांतर करून चोरी करणारा पहिलाच गडी. अरे, म्हण बरं एखादं."

तो भिंतीला टेकून उभा होता. त्याने डोळे मिटले आणि गुरुजींसमोर म्हणत असेल तशा आवाजात सुरुवात केली. "सप्रेम नमस्कार. आपल्या वर्गातल्या मुलाने विचारले आहे की, पूर ओसरल्यावर गोष्टीतला नावाडी घरी का परतला नाही. खरे सांगायचे तर गोष्ट लिहिताना मलाही ते ठाऊक नव्हते. परंतु त्या मुलाला माझा निरोप सांगा की..."

हवालदार हसत होते. मला वाटले, हा आपली टिंगल करतो आहे. मी त्याच्या कानशिलात ठेवून दिली. "नाटक बंद!"

नंतर दोन दिवसांत त्याच्या तोंडून आम्हाला 'हो' आणि 'नाय' याखेरीज शब्द मिळाला नाही. सोडल्यावर तो छापखान्यात गेला, तर त्याच्या जागी दुसरा माणूस बसवलेला होता.

खबर लागली ती अनपेक्षित ठिकाणाहून. भद्रकालीतला एक बाइंडर हवालदारांच्या ओळखीचा होता. पान खाताना तो सहज बोलून गेला, "एका सरांनी लय भारी अल्बम बांधून घेतला. पोस्टकार्डाच्या मापाचा. खळ लावायची नाय म्हणले, नुसते कोपरे करा. मापाला एक जुनं कार्ड दिलं होतं. पत्ता दिंडोरीकडच्या शाळेचा."

हवालदारांनी पान थुंकले आणि सायकल काढली.

प्राध्यापकांच्या घराची झडती घेतली. काचेच्या कपाटात रेशमी कापडाचा अल्बम होता आणि त्यात चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस पत्रे. ते घाबरले नाहीत, उलट मलाच समजावू लागले. "त्या घरात वाळवीने खाल्ली असती हो. म्हाताऱ्याला दिसत नाही, मुलीला गम्य नाही, आणि वाचतो कोण, तर एक कंपोझिटर! मी मराठीचं धन वाचवलं." मी त्यांना जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून आणले.

आता त्या सहीबद्दल.

दोन पंच समोर बसले होते. हवालदार म्हणाले, "साहेब, सगळी एका पाकिटात घालू, लाखेचं सील मारू, पाकिटावर पंचांच्या आणि तुमच्या सह्या. झालं काम."

ते बरोबर सांगत होते. पाकिटावरच्या सह्यांनी भागले असते. मी म्हणालो, "नाही. उद्या कोर्टात कुणी म्हणेल पत्रं बदलली. प्रत्येक पत्रावर मुद्देमाल क्रमांक, दोन्ही पंचांच्या सह्या, माझी सही आणि ठाण्याचा गोल शिक्का."

हे कारण मी वरिष्ठांना सांगितले आणि पुढे कोर्टातही. खरे कारण आज लिहितो. ज्यांची नावे परीक्षेसाठी घोकली, त्यांच्या हातची अक्षरे माझ्यापुढे होती. हमालाच्या पोराला त्यांच्या सहीशेजारी आपली सही हवी होती. ती मी जरा मोठीच केली.

पोस्टकार्डावर मोकळी जागा नसते. लिहिणारा कडेपर्यंत लिहितो. आम्ही अक्षरांवरच सह्या केल्या. बॉलपेन, आणि वर शिक्क्याची जांभळी शाई. करता करता नावाड्याचे कार्ड हातात आले. पहिल्याच ओळीत शंका विचारणाऱ्या मुलाचे नाव होते; म्हणून दाखवताना तेवढे त्याने गाळले होते. तेच नाव मी स्टेशन डायरीत लिहिले होते. सहावीत असताना त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो मला म्हणून दाखवत होता. मला पुढे वाचवेना. घाईने शेवटच्या ओळीवर सही ठोकली आणि कार्ड शिक्क्यासाठी पुढे सरकवले. पंचनाम्यात प्रत्येक पत्राचा कागद, माप आणि शाई नोंदली. मजकूर एकाचाही नाही.

ताईंनी कोर्टात अर्ज केला. वडील अंथरुणाला खिळले आहेत, खटला संपेपर्यंत पत्रे हमीपत्रावर ताब्यात मिळावीत. कोर्टाने पोलिसांचे म्हणणे मागवले. मी लिहिले, 'मूळ पत्रे हाच मुख्य पुरावा असल्याने हरकत आहे.' अर्ज नामंजूर झाला. आपण किती चोख काम करतो, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

थंडी सुरू झाली तेव्हा हवालदार म्हणाले, "साहेब, तो कंपोझिटर परत जायला लागलाय म्हाताऱ्याकडं. पत्रं नाहीत, तर तोंडपाठ म्हणतो. गल्ली त्याला चोर म्हणती, तरी जातो." महिनाभरात गुरुजी गेले.

खटला चालला तीन वर्षे. गुरुजी साक्षीला नव्हते. प्राध्यापकांच्या वकिलाने सांगितले, पत्रे त्यांना अभ्यासासाठी राजीखुशीने दिली होती. संशयाचा फायदा मिळून ते सुटले. माझी बदली मालेगावला झाली होती. मुद्देमाल परत करण्याच्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून आलो. ताई आल्या होत्या. पत्रे ओळखायला त्यांनी कंपोझिटरला सोबत आणले होते.

मुद्देमाल खोलीच्या ओलीने शिक्क्याची शाई पसरली होती. ताई एकेक कार्ड पाहत गेल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "साहेब, चोराने यातल्या एकाही पत्रावर रेघ ओढली नव्हती."



त्यांनी नावाड्याचे कार्ड खिडकीशी धरले, उलटे करून पाहिले. शेवटची ओळ माझ्या सहीखाली आणि शिक्क्याखाली गेली होती. ताई म्हणाल्या, "एवढं एकच पत्र याने बाबांना पुरं म्हणून दाखवलं नाही. 'निरोप सांगा की' पर्यंत यायचा आणि थांबायचा. बाबा म्हणायचे, विसरलास का रे? तुझंच तर पत्र ते."

मी त्याच्याकडे वळलो. त्याला बसायला खुर्ची कुणी दिली नव्हती, मीही नाही. पहिल्यांदाच मी त्याला 'तुम्ही' म्हटले. "तुमची माफी मागतो. काय होतं त्या ओळीत?"

त्याने कार्डाकडे पाहिले, मग माझ्या हाताकडे. "आता नाय आठवत साहेब. तिथवरच येतं."

खरेच आठवत नव्हते, की मला सांगायचे नव्हते, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. मला ऐकण्याची संधी एकदा मिळाली होती. तेव्हा मी काय केले, ते वर लिहिले आहे.

पुढे बरीच वर्षे नोकरी केली. नव्या फौजदारांना मी एवढेच सांगत असे, की समोरचा माणूस बोलत असेल तर त्याचे वाक्य पुरे होऊ द्या, मग तो खुर्चीवर बसलेला असो की भिंतीशी उभा. ते माना हलवत आणि आपापल्या कामाला लागत.

ते कार्ड ताईंकडेच आहे. लेखकाची शाई आता फिकट झाली आहे, असे त्यांनी मागे कळवले होते. माझी सही मात्र स्पष्ट वाचता येते.