अकरा माणसांचं घर

“अकरा,” देवबागच्या काकी म्हणाल्या.

मी मांडीवर फॉर्म ठेवून ओटीवर बसलो होतो. समोर काकी, त्यांची सून आणि सुनेच्या कडेवरचं मूल. चौथं माणूस काही दिसेना.

“काकी, बाकीची खंय?”

“मुंबैक, चाकरेक. एक बोटीर आसा.”

“मगे हंय तुमी तिगाच मा?”

“ता कसा? चवतीक येतत ती काय पावणी? घरचीच मा ती!”

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. मुंबईतल्या एका कंपनीत मी फील्ड इन्व्हेस्टिगेटर होतो, म्हणजे दारोदार फिरून प्रश्न विचारणारा. आमची कंपनी परदेशातल्या एका रेडिओ स्टेशनवरचा वेळ घाऊक घ्यायची आणि साबणवाल्यांना, तेलवाल्यांना तुकड्यांनी विकायची. ज्याने अर्धा तास घेतला, त्याच्या मालाचं नाव गाण्यांच्या अधेमधे. याला स्पॉन्सर्ड प्रोग्रॅम म्हणत. या धंद्यावर दोन खोल्यांतली कंपनी बघता बघता आख्ख्या मजल्यावर पसरली होती.

स्पॉन्सर पटवायला लागायची लिसनरशिप, म्हणजे ऐकणाऱ्यांची संख्या. ती काढायची रीत सोपी. गावात रेडिओचे सेट किती ते बघायचं, सेटवाल्या घरांत माणसं किती ते विचारायचं आणि गुणाकार करायचा. काकींच्या घरी बोटीवरच्या मुलाने आणलेला बॅटरीचा सेट होता. फॉर्मच्या माथ्यावर छापलं होतं, ‘सांगणारा सांगेल तेच लिहावे.’ मी अकरा लिहिलं.

तारकर्लीत तेच, वायरीत तेच. आमच्या मालवणाकडे मुंबईला गेलेलं माणूस घरातून वजा होत नाही. माझी आई मलाही मोजायचीच. हे मला कोणी शिकवायला नको होतं.

मुंबईला परतल्यावर मी मॅनेजर कापडियासाहेबांना सांगितलं, “सर, यातली निम्म्याहून जास्त माणसं इथे मुंबईत राहतात.”

“इथे रेडिओ ऐकत नाहीत?”

“ऐकतात. पण ती इथल्या सर्व्हेत मोजलीच आहेत.”

“फॉर्म कोणी भरले?”

“मी.”

“खोटे भरले?”

“नाही.”

“मग झालं तर! तुमचं कन्फर्मेशन पुढच्या महिन्यात आहे ना?”

कन्फर्मेशन म्हणजे नोकरी कायम होणं. वर्षभर मी टेम्पररी होतो आणि लांबच्या नातलगांच्या गॅलरीत झोपत होतो. मी फॉर्मांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला. तेव्हा लाज वाटली असं म्हणालो तर ते खोटं होईल. सुटल्यासारखं वाटलं.

आकडे गुळगुळीत कागदाच्या पुस्तिकेत छापून आले. एका पौष्टिक पावडरवाल्याने ते बघून मोठा कार्यक्रम घेतला आणि मालवणात स्टॉकिस्ट शोधायला माणूस पाठवला. स्टॉकिस्ट म्हणजे कंपनीचा माल भरून ठेवून गावोगावच्या दुकानांना पुरवणारा. त्या माणसाने गाठला माझा सख्खा मामा. बंदराजवळ त्याचं किराण्याचं दुकान होतं.

मे महिन्यात मी गावी गेलो तो कन्फर्मेशनचं पत्र खिशात घालूनच. मामाच्या हातात ती पुस्तिका होती.

“वसंता, ह्यो आकडो तुजो मा?”

“होय.”

“खरो?”

आता तर नोकरी पक्की होती. घाबरण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तरी मी म्हणालो, “फॉर्मात आसा तोच.”

“मगे काय बघूचा नाय. आपल्या माणसान मोजल्यान हा.”

मेमध्ये मुंबईकरांनी घरं भरलेली असतात, त्यामुळे मामाला गावात तेवढी माणसं दिसतही होती. पावसात बंदर बंद, म्हणून मालवणचा दुकानदार चार महिन्यांचा माल आधीच भरतो. मामाने तांदळाची कणगी मागे सरकवली, तेलाचे डबे हलवले आणि पावडरचे डबे आढ्यापर्यंत रचले. मी स्वतः हाताखाली उभा राहून डबे वर देत होतो.

जून लागला आणि मुंबईकर परतले. मागे उरली म्हातारी माणसं, सुना आणि थोडी पोरं. रेडिओवर रोज पावडरचं गाणं लागे, लोकांना तोंडपाठ झालं. पेज पिणाऱ्या घरात डबा कोण नेणार?

चवथीला, गणपतीसाठी गेलो तेव्हा मामी एका डब्यातली पावडर वरवंट्याने फोडत होती. दमट हवेने आत दगड झाला होता. पावडरवाल्याने माल परत घेतला नाही. त्यांच्या पत्रात कारण होतं, ‘स्थानिक विक्रेत्याचा निरुत्साह.’ दिवाळीनंतर मामाने दुकान सोडलं आणि पन्नाशीत दुसऱ्याच्या दुकानात तराजू धरला.

आमच्या कंपनीने त्याच वर्षी वरचा मजलाही घेतला. पुढे टीव्हीवर जाहिराती आल्या तेव्हा ती तिकडेही शिरली, आणि तिच्यासोबत मीही. नव्या पोरांना सर्व्हे शिकवताना मी सांगायचो, माणसं मोजण्याआधी घरातली पानं मोजा, काल रात्री जेवायला किती वाढली ते विचारा. पोरं वहीत लिहून घ्यायची. साहेब खूश व्हायचे.

मामाला मी सगळं सांगितलं, पण तोवर बरीच वर्षं गेली होती. तो घरासमोरच्या खळ्यात सुपारी कातरत बसला होता. हात थांबला नाही.

“माका त्याच पावसात कळला होता,” तो म्हणाला. “तुजी नोकरी ऱ्हवली मा? मगे बरा झाला.”

त्याने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी आभार मानले असते.