सेतुरावांचा अ‍ॅम्प अस्सल होता

सेतुराव गेल्याची बातमी मला आमच्या जुन्या अ‍ॅम्पवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. मी ओरगडमच्या कारखान्यात ऑडिटरसमोर फायली उघडून बसलो होतो. पहिल्या मेसेजमध्ये बातमी, खाली सात-आठ जोडलेले हात, आणि लगेच एकाने विचारलेलं, ‘त्यांचा तो अ‍ॅम्प आता कुणाकडे जाणार?’ मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण माझ्याही मनात आधी अ‍ॅम्पच आला होता.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. सेतुरावांच्या बाबतीत तसं करायचं तर चार ओळींत लेख आटपेल. तंजावरी मराठी माणूस, उंच, शिडशिडीत, तोंडाने फटकळ. तरुणपणी सिनेमांच्या रेकॉर्डिंगला गिटार वाजवायचे. पुढे बोटं आखडली तेव्हा गिटारचा आवाज मोठा करणारे जुने, व्हॉल्व्हवाले अ‍ॅम्प पारखू लागले. दर रविवारी सकाळी पश्चिम माम्बलमच्या त्यांच्या घरी लोक आपापले अ‍ॅम्प रिक्षात घालून आणत. सेतुराव मागची फळी काढत, ट्रान्सफॉर्मरवर छापलेल्या आकड्यांवरून साल सांगत, स्क्रूच्या खाचा पाहत आणि मग सोल्डरच्या एकेका ठिपक्यावर भिंग धरत. विलायती नावाची पट्टी चिकटवलेला देशी खोका ते दारातूनच ओळखायचे. पण त्यांचा खरा राग होता तो दुरुस्त केलेल्या अ‍ॅम्पवर. आतले भाग बदलले, स्पीकरवरचं कापड धुतलं, की संपलं! पेरांबूरच्या एका म्हातारीने नवऱ्यामागे त्याचा अ‍ॅम्प दर ख्रिसमसला पॉलिश करून जपला होता. तिला त्यांनी तोंडावर सांगितलं, ‘तुम्हीच मारलं याला.’ ती रडत गेली. मी म्हटलं, ‘काका, जरा गोड शब्दांत सांगायचं...’

‘गोड पाहिजे तर मिठाईचं दुकान घाल. येथे कशास येतोस?’

तरी मी जात राहिलो. पुण्याहून नोकरीसाठी इथे, तमिळ मुलखात आलेला मी, कारखान्यात क्वालिटी बघणारा. दोष शोधणाऱ्या माणसाकडे माझं मन रमलं. त्यांचा स्वतःचा एक अ‍ॅम्प होता, स्टुडिओ बंद पडला तेव्हा मिळालेला. त्याला कधी कुणाची सोल्डरिंगची कांडी लागली नव्हती. आतून कसा आहे हे त्यांनी फक्त मलाच दाखवलं होतं. बाकीच्या सगळ्यांचं खरंखोटं ते त्याच्याकडे बघून ठरवायचे. तो आता जरा भुणभुणायला लागला होता, एवढंच.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. टी. नगरला मुलीकडे, मीनाकडे, ते पंधरा दिवस राहिले आणि घराची किल्ली माझ्याकडे होती. भुणभुण थांबवून काकांना चकित करावं असं मला वाटलं. चार कपॅसिटर गळत होते, ते बदलले. जाळीचं पिवळं पडलेलं कापड शाम्पूने धुतलं. जुने कपॅसिटर शिस्तीत कारखान्याच्या भंगाराच्या डब्यात टाकले. त्यांचेच धडे इतके रविवार ऐकून हे केलं! ज्याला आपण अस्सल मानतो त्याला कुणी आजारी ठेवत नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. करायला गेलो गणपती, झालं माकड.

घरी येऊन नव्या डोळ्यांनी त्यांनी ते पांढरं कापड पाहिलं. माझ्या हातात भिंग दिलं. ‘उघड. पाहून सांग.’

मी पाहिलं. चार ठिकाणी माझंच सोल्डर चकाकत होतं.

‘काय म्हणायचं यास?’

‘दुरुस्त केलेला.’

‘अस्सल?’

‘नाही... काका, चूक झाली. एकदा असू दे म्हणा.’

‘सेरी,’ म्हणजे ठीक, एवढंच म्हणाले, आणि कॉफी घेतोस का ते विचारलं.

पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर त्यांनी जाहीर केलं, ‘आजपासून हाच सांगेल.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवढा मान! शिक्षा आहे हे फक्त मला कळलं. वर्षभर ते खुर्चीत बसून राहिले आणि मी भिंग धरून लोकांना सांगत राहिलो... तुम्ही बदललंत, तुम्ही धुतलंत, याची किंमत गेली. दर वेळी त्यांच्याकडे बघायचो. आज तरी ‘असू दे’ म्हणतील. मला दुसरं काही नको होतं. शेवटी एका रविवारी एकाने वडिलांचा अ‍ॅम्प आणला, लेकराला न्हाऊ घालावं तसा स्वच्छ केलेला. माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, ‘अस्सल आहे.’ तो आनंदाने गेला. सेतुराव म्हणाले, ‘खोटं सांगट्लास. एवढं एक येत होतं, तेही गेलं.’ माझ्याशी ते एवढंच शेवटचं बोलले. तीन आठवड्यांनी झोपेतच गेले.

शोकसभेत त्यांचा अ‍ॅम्प टेबलावर ठेवला होता, मोगऱ्याचा हार घालून. ग्रुपने मला बोलायला उभं केलं. त्यांचा वारस ना मी! मी सरळ सांगून टाकलं, ‘हा अस्सल राहिलेला नाही. मीच याच्या आतले भाग बदलले.’ मग मागून कुणीतरी तमिळमध्ये म्हणालं, स्वस्तात पदरात पाडून घ्यायचाय वाटतं. लोक हसले. मी म्हटलं, उघडून बघा.

मीना उठली आणि अ‍ॅम्पवर दोन्ही हात ठेवून मला म्हणाली, ‘अप्पा असताना हे कोणी उघडलं नाही, अण्णा. आता मी उघडू देणार नाही. आणि तुम्ही आमच्या घरी येऊ नका.’

अ‍ॅम्प आता तिच्या टी. नगरच्या हॉलमध्ये आहे. रेशमी कापड पांघरलेला, पुढे दिवा. ग्रुपमध्ये त्याचा फोटो फिरतो, खाली लिहिलेलं असतं, शहरातला एकमेव, कुणी हात न लावलेला. मी तिथे काही लिहीत नाही. मीना मराठी बोलते, पण वाचायला तिला तमिळ आणि इंग्रजीच येतं. ग्रुपातल्या बाकीच्यांना तर तेवढीही मराठी नाही. हे ठाऊक आहे, म्हणूनच तर सगळं खरंखरं इथे, मराठीत लिहिलंय.