जामसरच्या चढावर पळणाऱ्या पोरी

पळणाऱ्या चार आणि शिकवणारे चाळीस, मग किस्से साठणार नाहीत तर काय! जामसरच्या रस्त्याला चढ संपतो तिथं माझी चहाची टपरी आहे. पोलीसभरतीची तयारी करणाऱ्या पोरी सकाळी खालून पळत येतात, माझ्या बाकड्याला हात लावतात आणि परत फिरतात. मी चौथी शिकलेली, पळण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण ओरडायला कुठं शाळा लागते? "रडायचं ते घरी जाऊन रड! आधी बाकड्याला हात लाव!" एवढंच माझं कोचिंग.

त्यातल्या संगीताचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या भरतीला तिचं वय बसत नव्हतं. तिचा बाप लहानू, त्यानं सांगून टाकलं होतं, "यंदा नाही झालं तर माझ्यासंगं वीटभट्टीवर यायचं."

*

आमच्याकडं बाईमाणूस रस्त्यानं पळताना दिसलं की समजायचं, कुणाला तरी साप चावला नाहीतर कुणीतरी गेलं. पोरी पहिल्या दिवशी पळाल्या, तर शेतातनं एक म्हातारा त्यांच्यामागं सुटला. "कोण गेलं गं? कोण गेलं?"

पोरींना वाटलं, म्हातारा मारायलाच येतोय. त्या आणखी जोरात!

टपरीवर सगळे धापा टाकत बसले. मी म्हटलं, "बाबा, कुणी गेलं नाही. सराव चाललाय."

"मग आधी नाही सांगायचं? माझाच जीव जात होता!"

पण मी वरनं बघितलं होतं. दोन पोरी त्याच्या मागं राहिल्या होत्या!

*

एकदा जव्हारच्या एसटीच्या ड्रायव्हरला वाटलं, संगीता गाडीसाठी पळतेय. बिचाऱ्यानं गाडी थांबवली. ही गाडी ओलांडून पुढं! त्यानं पुढं नेऊन पुन्हा थांबवली. ही पुन्हा पुढं!

कंडक्टर दारात येऊन ओरडला, "अगं, चढ तरी, नाहीतर पळायचं तरी थांबव!"

"मला यायचंच नाही, काका!"

खिडकीतनं बायका ओरडल्या, "चढू नको गं! तूच आधी पोचशील!"

तेव्हापासून ती गाडी चढाला लागली की हॉर्न वाजवते. माझ्या शिव्यांनी जे होत नाही ते त्या हॉर्ननं होतं.

*

संगीताच्या मामानं ठाण्याहून बूट आणले. भारीतले! ते घालून ती पळाली आणि सगळ्यांच्या मागनं आली. माझी नणंद पोशेऱ्याहून आलेली, बाकड्यावर बसली होती. म्हणाली, "पायात घर बांधून कुणी पळतं का?"

संगीतानं बूट काढून तिच्याजवळ दिले, अनवाणी गेली आणि पहिली आली.

बघते तर नणंदेनं बूट स्वतःच्या पायात घातलेले. "मला बरे बसतात," म्हणाली.

*

भरती जवळ आली तशी संगीता एका सकाळी बाकड्यावर येऊन बसली ती उठेचना. "मावशी, नाही होणार माझ्यानं."

"मग जा वीटभट्टीवर! पळायचं तिथंही चुकत नाही, वर डोक्यावर विटा!"

ती उठली, नाक पुसलं आणि उताराला लागली. मी मागं वळते तर लहानू उभा. सगळं ऐकलेलं. तसाच माघारी गेला. भरतीच्या दिवशी मात्र धुतलेला सदरा घालून आमच्या आधी स्टँडवर!

*

ग्राउंडवर घरच्यांना आत सोडत नव्हते. मी आणि लहानू जाळीबाहेर. संगीता आधी पुढं होती, पण शेवटच्या वळणावर पोरी तिला मागं टाकायला लागल्या. तिची मान खाली गेली. मी घसा फोडून ओरडत होते, पण तिथं सगळ्यांचेच घरचे ओरडत होते, कुणाचं कुणाला ऐकू येणार!

एकदम लहानूनं जाळी धरली आणि शेताच्या बांधावरनं देतात तशी आरोळी ठोकली, "संगे! बैल भातात शिरला!"

संगीतानं मान वर केली आणि जी सुटली! तिच्यासंगं आणखी तीनचार पोरी सुटल्या, कुणाच्या कोण देव जाणे! पण सगळ्यांच्या पुढं, वेळेच्या आत, आमच्या संगीतानं रेघ ओलांडली.

गेटवरचा पोलीस काठी घेऊन धावत आला. "कुठंय बैल? आत सोडला कुणी?"

लहानूनं टोपी सरळ केली.

"घरी आहे, साहेब. बांधून आलोय."