न्यूरेंबर्गच्या बाजारातली हाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता लिहितानासुद्धा दाराकडे दोनदा बघितलं — कोण येणार आहे? पण भीती अंगात मुरली की अशी सहज निघत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात मी इंजिनिअर होतो, तिथे सगळे मला मराठा समजत. आडनाव जाधव, म्हणून ते समजले — आणि मी समजू दिलं. घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, कारखान्यात माझ्या तोंडाला कुलूप. हे ठाऊक असलेला तिथे एकच माणूस होता. वसंता — फिटर, आमच्याच गल्लीतला, माझ्याबरोबर वाढलेला. गल्लीत तो मला ‘जय भीम, राजा’ म्हणे, कारखान्यात ‘साहेब’. मी तसं कधी सांगितलं नव्हतं. त्यानेच आपणहून सांभाळून घेतलं होतं.

नवीन मशीन शिकायला कंपनीने तिघांना जर्मनीला पाठवलं — मोठे साहेब, मी आणि वसंता. न्यूरेंबर्गला. डिसेंबर होता, नाताळचा बाजार बघाच असं तिथल्या लोकांनी बजावलं, म्हणून एका संध्याकाळी गेलो. जुन्या चर्चसमोरच्या चौकात लाल-पांढऱ्या कापडाच्या टपऱ्या, दिवे, भाजलेल्या बदामांचा वास. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? वसंताने उल्हासनगरच्या कॅम्प एकमधून ‘फॉरेनचा’ कोट घेतला होता. खऱ्या फॉरेनच्या थंडीत तो पहिल्याच दिवशी उघडा पडला.

गर्दीत वसंता चुकला. इंग्रजी जेमतेम, आणि हॉटेलचं कार्ड माझ्या खिशात. आम्ही त्याला शोधत होतो — हे खरं आहे, शोधत होतो. साहेब नातीसाठी लाकडी खेळणं बघायला एका टपरीआड थांबले आणि चौकाच्या पलीकडून हाक आली.

“जय भीम, राजा! अरे, मी इकडे.”

साहेब त्याला दिसले नव्हते. आणि त्या गोऱ्यांच्या गर्दीत हे दोन शब्द कुणाला कळणार, असंही वाटलं असेल. त्याचा आवाज कापत होता. तो घाबरला होता — पण मी जास्त घाबरलो. कशाला? नोकरी जाणार नव्हती. साहेबांची नजर बदलली असती, माझ्या डब्यातली भाजी मागणं बंद झालं असतं. एवढंच? हो, एवढंच. आमची नजरानजर झाली — आणि मी पाठ फिरवली.

कुणी मराठीत ओरडलं का, साहेबांनी विचारलं. नाही, मी म्हणालो, तो गेला असेल हॉटेलवर, चला. मधली गर्दी ओलांडून तो येण्याआधी आम्ही चौकाबाहेर पडलो.

तिथल्या कारखान्याने दिलेल्या बिल्ल्यावरून पत्ता काढून पोलिसांनी त्याला आणलं तेव्हा उजाडलं होतं. रात्रभरच्या थंडीने डाव्या हाताची दोन बोटं कायमची बधिर झाली. फिटरची बोटं. वाट चुकलो, एवढंच त्याने साहेबांना सांगितलं. परतीच्या विमानात मी डोळे मिटून पडलो होतो — झोप कसली? हा आता गल्लीत काय सांगणार?

तो आमच्या घरी आला. आईने चहा ठेवला, बोटं बघून हळहळली. मी दाराशीच उभा राहिलो.

“मावशी, तुमचा राजा होता म्हणून परत आलो,” वसंता म्हणाला. “त्यानेच शोधून काढलं मला.”

आईचा चेहरा उजळला. पुढे मरेपर्यंत ती हे गल्लीभर सांगत राहिली. मी तेव्हा ‘नाही’ म्हणालो नाही, नंतरही नाही.

चहा संपवून तो उठला. आईला जय भीम केला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “येतो, साहेब.”