फ्लेक्सवरची काकू

गेल्या महिन्यात मी इथे टाकलेला काकूचा फोटो तुम्हाला आठवत असेल. आज तो नारायणगावच्या चौकात, खताच्या फ्लेक्सवर दिसला. मला कुणी विचारलं नव्हतं.

टोमॅटो निवडताना काकू गाते. तिच्या हातांना त्या गाण्याची लय असते. ती लय फोटोत यावी म्हणून मी फोटोग्राफी शिकतेय. चौकट कशी धरायची, हे तर भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातींनीच मला शिकवलं. त्यामुळे जाहिरातीचा मला राग नाही.

पण फ्लेक्सवर काकू गोरी होती. गाताना उघडलेलं तोंड मिटवून तिथे हसू चिकटवलं होतं.

तिथेच फ्लेक्सच्या दोऱ्या बांधणाऱ्या फ्लेक्सवाल्याला मी जाब विचारला.

"चिडता कशाला ताई? काकू लई भारी दिसत्यात आता. जाहिरातीत सावळं माणूस उठून दिसत नाय."

तेवढ्यात बाजारातून काकू आली. फ्लेक्सकडे बघत राहिली.

"कोण गं ही? साडी तर माझी नेसलीय."

फ्लेक्स खाली उतरेपर्यंत मी तिथून हलले नाही.

तुमच्या गावातल्या फ्लेक्सवर तुमच्या आईच्या रंगाची बाई तुम्ही कधी पाहिलीय का?