वन्संनी पाळलेले जंतू

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होत्या. तिथली एकेक कात्री, एकेक चिमटा त्यांच्या नजरेखाली वाफेतून निघायचा. निवृत्तीनंतर कात्र्या-चिमटे हॉस्पिटलात राहिले, वन्सं तेवढ्या घरी आल्या. मग घरात जे जे धुता, पुसता आणि उकळता येण्याजोगं होतं ते त्यांच्या तावडीत सापडलं. टीव्हीचा रिमोट आठवड्यातून दोनदा स्पिरिटने पुसला जातो. मी पर्स सोफ्यावर ठेवली तर वन्सं नुसतं पर्सकडे बघतात. मी ती उचलून मांडीवर घेते.

अशा घरात भावोजींना काहीतरी पाळायचं होतं.

भावोजी, म्हणजे वन्संचे यजमान, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमीत बसवतात. स्वभावाने अगदी मऊ. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी कुत्र्याचा विषय काढला. कुत्र्याचे केस गळतात. मग पोपटाचा काढला. पोपट दिवसभरात काय काय करतो ते वन्संनी ऐन जेवताना सांगितलं. कुंडीत माती असते, म्हणून खिडकीत प्लॅस्टिकची फुलं आहेत, आणि तीही दर रविवारी आंघोळ करतात. साठी जवळ आली तेव्हा भावोजींनी शेवटचा अर्ज केला. खाऱ्या पाण्याची एक छोटी टाकी. वाळू, दगड, दोन मासे आणि जमलंच तर पुढे एखादं प्रवाळ.

"मिठाचं पाणी असतं," ते म्हणाले. "मिठात काही कुजत नाही."

हे शास्त्र त्यांनी कुठून आणलं कोण जाणे, पण वन्संना पटलं. त्यांनी अट घातली. "तीन महिने बघेन. तीन महिन्यांनी टाकीत घाण दिसली, तर टाकी दुकानदाराकडे परत. आणि मग या घरात पाळण्याचा विषय कायमचा बंद."

टाकी आली, ऐंशी लिटरची. भावोजींनी वाळू धुतली, गाळलेल्या पाण्यात पुडीतलं समुद्री मीठ विरघळवलं. खारेपणा मोजायला एक छोटी दुर्बिणीसारखी नळी असते. तिच्या काचेवर पाण्याचा थेंब सोडून उजेडाकडे बघायचं. भिंगाचं काम म्हणून ते दिवसातून दहा वेळा बघायचे.

दुसऱ्या दिवशी दगड आले. दुकानदार त्यांना जिवंत दगड म्हणाला होता. त्या दगडांच्या भोकाभोकांत जंतू राहतात आणि माशांची घाण तेच पचवतात, त्यामुळे दगड ओलेच ठेवायचे, असं त्याने बजावलं होतं. भावोजींनी यातलं एक अक्षर घरी सांगितलं नाही. वन्संसमोर जंतू हा शब्द कसा काढायचा हे त्यांना इतक्या वर्षांच्या संसारात सुचलं नव्हतं. त्यांनी दगड खाऱ्या पाण्याच्या बादलीत ठेवले आणि ते दुकानात गेले.

संध्याकाळी परत आले तर बाल्कनीत पांढऱ्या कापडावर सगळे दगड ओळीने वाळत होते. घासलेले, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात चार तास बुडवलेले, सात पाण्यांनी धुतलेले.

"शेवाळ होतं हो नुसतं," वन्सं म्हणाल्या. "एकातून तर किडा निघाला."

भावोजींनी एक दगड हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाले, "छान झालेत."

त्यांनी ते तसेच टाकीत रचले आणि वाट बघत बसले. एकवीस दिवस झाले, पाणी काचेसारखं लख्ख, आणि दगडांत जीव म्हणून नाही. वन्सं खूश होत्या. "बघा, किती छान राहिलीय टाकी." शेवटी भावोजींनी दुकानदाराला दगड जरा सुकले असं सांगितलं आणि एक बाटली घेऊन आले. बायकोचं नाव घेतलं नाही. त्या दिवशी मी त्यांच्या घरीच होते.

"यात काय आहे?" वन्संनी विचारलं.

"जंतू."

"जंतूंवरचं औषध?"

"नाही. जंतूच. जिवंत."

"आणि हे तुम्ही विकत आणलेत?"

"हो."

"चौतीस वर्षं मारले मी. सांगितलं असतं तर थोडे राखून ठेवले असते."

भावोजी मान खाली घालून बाटलीतलं पाणी झाकणाने टाकीत ओतायला लागले. वन्संचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. "थांबा. बाटलीवर पंधरा मिली लिहिलंय. हे किती आहे?"

"असेल तेवढंच. अंदाजे."

अंदाजे हा शब्द ऐकून वन्संनी बाटली काढून घेतली. बिनसुईची सिरिंज आली. पंधरा मिली मोजून टाकीत गेले. मग त्यांनी बाटलीसोबतचा कागद उलगडला आणि उभ्याउभ्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. पुन्हा वाचला. कागदाची घडी केली, बाल्कनीकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "जंतूंना खायला म्हणून चिमूटभर माशांचं खाणं टाकून कुजू द्यायचं आहे. द्या इकडे."

त्या दिवसापासून टाकीला केसपेपर लागला. पॅडला क्लिप, रोज सकाळी परीक्षानळ्यांमध्ये थेंब, रंग तक्त्याशी ताडून कुजलेल्या खाण्यातून अमोनिया किती सुटला आणि जंतूंनी किती पचवला याची नोंद. मला फोन येऊ लागले.

"आज अमोनिया दोन."

"अगंबाई. काळजीचं आहे का?"

"काळजीचं कसलं? चढल्याशिवाय उतरणार कसा?"

शेजारीण येऊन टाकीसमोर उभी राहायची आणि विचारायची, मासे कुठे आहेत? वन्सं सांगायच्या, अजून ॲडमिट केले नाहीत. अमोनियाचा आकडा चढला, मग तो पचून होणाऱ्या नायट्राइटचा आकडा चढला, आणि साठाव्या दिवशी दोन्ही शून्यावर आले. मग दोन मासे आले, केशरी अंगावर पांढरे पट्टे. भावोजींना त्यांना लगेच सोडायचं होतं. वन्संनी पिशवी तासभर टाकीत तरंगत ठेवली आणि दर पाच मिनिटांनी टाकीतलं चमचाभर पाणी पिशवीत घातलं. भावोजी खुर्चीवर बसून, ऑपरेशनची वाट बघणाऱ्या नातेवाइकासारखे, हात चोळत होते.

पंधरवडाभर सगळं छान होतं. नंतर वाळूवर तपकिरी डाग आला. चार दिवसांत वाळू, दगड, काच, सगळीकडे तपकिरी साय. पुसावी, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

तीन महिने पुरे झाले त्या दिवशी रविवार होता. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. चहा झाला. टाकीकडे कोणी बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते. भावोजींनी दुकानदाराचा नंबर आधीच एका चिठ्ठीवर लिहून ठेवला होता. ती त्यांनी वन्संपुढे सरकवली.

"आज नव्वद दिवस झाले," ते म्हणाले. "घाण दिसतेय. मी त्याला फोन करतो. मासे तो घेईल."

वन्सं उठल्या. केसपेपर घेऊन आल्या, पहिलं पान काढलं आणि लाल पेनाने त्यावर काहीतरी लिहून खाली सही केली. पॅड भावोजींच्या हातात दिलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'दुसरा दिवस. जिवंत दगड निर्जंतुक केले. चूक माझी.'

सव्वीस वर्षं मी या घरात येते-जाते. यातले शेवटचे दोन शब्द वन्संकडून मी कधी ऐकले नव्हते. माझ्या नवऱ्याने तर बशीच खाली ठेवली.

"अगं, याची काय गरज होती?" भावोजी म्हणाले.

"गरज म्हणजे? झालं ते लिहायचं. आणि तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी ठाऊक होतं ना?"

"हो."

"मग 'छान झालेत' काय?"

भावोजी चष्मा काढून पुसायला लागले.

"माझ्यामुळे वाया गेलेले दिवस नव्वदात धरायचे नाहीत," वन्सं म्हणाल्या. "ऐंशी लिटर पाण्यात तेव्हा पेशंटच नव्हता. मुदत एकवीस दिवस पुढे."

"आणि एकवीस दिवसांनी?"

"तेव्हाचं तेव्हा. ही तपकिरी साय नव्या टाकीत येतेच, आपोआप जाते, असं लिहिलंय. पण आपोआपवर माझा विश्वास नाही. हे खाणाऱ्या गोगलगायी मिळतात म्हणे?"

"मिळतात," भावोजी सावधपणे म्हणाले. "पण त्या... म्हणजे, त्या सरपटतात."

"कामावर येणारी माणसं कशी चालतात याच्याशी मला काय करायचंय? चपला घाला."

आम्ही चौघंही गेलो. दुकानदाराने ट्रेमध्ये आठ गोगलगायी ठेवल्या. वन्संनी चष्मा वर करून एकेक उलटी केली आणि ती हलेपर्यंत शांतपणे थांबल्या. सात हलल्या. आठवीवर त्यांनी पूर्ण दोन मिनिटं घालवली.

"ताई, सगळ्या एकदम तंदुरुस्त आहेत," दुकानदार म्हणाला.

"ही कामाची नाही. दुसरी द्या," वन्सं म्हणाल्या. मग शेजारच्या टाकीत हलणाऱ्या इवल्याशा प्रवाळाकडे बोट दाखवून विचारलं, "आणि याला काय काय लागतं? अंदाजे सांगू नका."