शिंगाळ्याचा काटा

आमच्या पूर्णगडच्या वाडीत रावजींइतकी अब्रू कोणाकडेच नव्हती. होती नव्हती ती सगळी त्यांनी स्वतःकडे जमा करून ठेवली होती. बैठकीत ते खाकरले की बाकीच्यांनी गप्प बसायचं. होडीला त्यांनी कित्येक वर्षांत हात लावला नव्हता, पण नारळी पुनवेला दर्यात पहिला नारळ त्यांच्याच हातून पडायचा. अशा माणसाच्या सख्ख्या पुतण्याने गर्दची सुई टोचून घ्यावी, हे रावजींच्या इभ्रतीला परवडणारं नव्हतं. म्हणून त्यांनी ते घडलंच नाही असं ठरवून टाकलं.

पुतण्या म्हणजे सागर, त्यांच्या वारलेल्या भावाचा एकुलता एक. रत्नागिरीला ट्रॉलरवर खलाशी होता. मासेमारीच्या पावसाळी बंदीत घरी आला तो नुसता हाडांचा सापळा. दंडावर गळू, अंगात ताप. त्याच्या आईला, जनीला, गादीखाली सिरिंज सापडली. ती रडत थोरल्या दिराकडे गेली. घरात दुसरं कर्तं माणूस नव्हतं, जाणार कुठे? रावजींनी सिरिंज खाडीत टाकायला लावली आणि उपाय सांगितला.

"शिंगाळ्याचा काटा लागलाय म्हणून सांग. बाकी तोंड उघडायचा नाय."

शिंगाळा हा काटेवाला मासा. त्याचा काटा घुसला की हात सुजतो, ताप भरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. थाप झकास होती. फक्त बंदी लागून महिना उलटला होता आणि होड्या वर ओढून झावळांनी झाकलेल्या होत्या. मग शिंगाळा काय अंथरुणात शिरून सागरला चावला? हे विचारावंसं वाडीत सगळ्यांना वाटलं, विचारलं कोणीच नाही. अब्रूपुढे अक्कल गहाण टाकायची आमची जुनी खोड.

हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी सरळ विचारलं, हा सुई वगैरे घेतो का? जनी बोलायला गेली तर रावजी मध्ये उभे राहिले. आमच्या घराण्यात असलं काही नसतं म्हणाले, माशाचा काटा आहे, गोळ्या द्या. बाई म्हणाल्या, याला ठेवून घेऊ, रक्त तपासू. रावजींनी ऐकलं नाही, त्याला घरी आणलं. गळू सुकलं, ताप मात्र हटेना. सुईवाटे गेलेले जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले होते. हे कळलं तेव्हा पोराला चार पावलं चालवत नव्हतं. कोल्हापूरला नेताना तो आंबा घाटातच गेला.

तेराव्याला रावजींनी जमलेल्या पोरांना गंभीर चेहऱ्याने बजावलं की शिंगाळा जपून हाताळा. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना, शिसारी आली. जनी भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली, त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

नारळी पुनव झाली आणि रावजींचा धाकटा मुलगा गुरुप्रसाद तापाने फणफणला. सागरचा तो जिगरी दोस्त, दोघांची सुईही एकच, हे जनीलाही ठाऊक होतं. रावजी जनीच्या मागल्या दाराने आले. पोराला काटा लागलाय म्हणाले, डॉक्टरबाई तुला ओळखतात, बरोबर चल.

जनीने पायात चपला घातल्या आणि निघाली. हॉस्पिटलात बाईंनी पुन्हा तोच प्रश्न केला. रावजी खाकरले. या खेपेला मध्ये जनी उभी राहिली.

"माज्या पोराने घेतलीन तीच सुई ह्याने घेतलीन. तेव्हा ह्यांनी मला बोलू दिलानी नाय. पयला रक्त घ्या."

बाईंनी गुरुप्रसादला लगेच दाखल करून घेतलं. बरेच दिवस सलाईन चाललं, पण तो वाचला. रावजी अजूनही बैठकीत खाकरतात आणि मुलाला काट्याचा ताप आला होता असंच सांगतात. जनी समोरून येताना दिसली की मात्र वाक्य अर्धंच सोडतात.